बोंडल्याची ‘नाईट सफारी’ : 10,200 रुपयांना चुना

गोव्यातल्या बोंडला अभयारण्याला गुरुवारी सुट्टी असते, हे फोंड्यातलं शाळकरी पोरही सांगेल. दलालाने आम्हाला दिलेल्या ‘परमिट’वर वार होता गुरुवार. ठळक अक्षरांत! चौघांनी वाचला, एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही.

माणशी 1,850 प्रमाणे 7,400. ‘कॅमेरा फी’ 800. आदल्या रात्री ‘परत मिळणारी अनामत’ 2,000. सगळे यूपीआयने. क्यूआर स्कॅन केल्यावर कुणा खासगी माणसाचं नाव आलं, तिथेच बोट थांबायला हवं होतं. अभयारण्याचं तिकीट गेटवरच्या खिडकीवर फाडतात. आगाऊ मागणारा दलाल कशाला?

आम्ही काही अगदीच बावळट नव्हे. पक्ष्यांबद्दल तो दलाल बोलायचा ते चोख. बेडूकतोंड्या दाखवतो म्हणाला, आणि ते जमतंही: हा पक्षी दिवसा ठरलेल्या फांदीवर वाळक्या पानासारखा निपचित बसतो, जागा ठाऊक असलेला वाटाड्या थेट त्याच्याखाली नेऊन उभा करतो. राजधनेश फळांनी लगडलेल्या वडावर येतो, हेही खरंच. या खऱ्यातच त्याने ‘रात्री जीपमधून ब्लॅक पँथर, गॅरंटी’ घुसडलं. जेमतेम 8 चौरस किलोमीटरचं अभयारण्य, त्यात काळा बिबट्या हमखास? प्रामाणिक वाटाड्या गव्याचीही हमी देत नाही. शिवाय रात्री पर्यटकांना आत सोडतच नाहीत.

गेटला कुलूप. राखणदाराने कागद उलटसुलट पाहिला आणि म्हणाला, “आज बिरेस्तार मरे!” बिरेस्तार म्हणजे कोकणीत गुरुवार.

पुढची फरफट वेगळीच. ठाण्यात म्हणाले, हे सायबरचं काम. तिथे म्हणाले, बँकेचं पत्र आणा. बँकेतला साहेब मान वर न करता म्हणतो, “पिन तुम्हीच टाकला ना?” परत ठाण्यात, तर एक झेरॉक्स कमी. चौथ्या खेपेला साहेब जेवायला गेलेले, आणि हवालदाराचा शेरा: “एवढ्याशा रकमेसाठी?” एवढीशी! मग चोराने रक्कम किती ठेवायची तेही यांनीच शिकवलं म्हणायचं.

ठाण्याआधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, तोही ताबडतोब. पैसे पुढच्या खात्यात सरकले की संपलं. व्यवहाराचा 12 आकडी क्रमांक उतरवून ठेवा, चॅट पुसू नका. आम्ही रागाने पुसली.

त्याची जाहिरात अजून चालू आहे, राजधनेशाचा तोच फोटो. वार मात्र आता शनिवार टाकलाय.