काचेतलं विणकाम: पट्ट्या की पूड?

इरकलचा काठ, चौकड्याची वीण किंवा गणितातली एखादी नक्षी भट्टीतल्या काचेत उतरवायची, तर माझ्या माहितीत सोयीच्या वाटा दोन. एकतर काचेच्या पट्ट्या कडेवर उभ्या लावून एकजीव करायच्या, नाहीतर साध्या काचेवर स्टेन्सिल ठेवून रंगीत काचपूड गाळणीने चाळायची. सगळी काच एकाच सीओईची, म्हणजे तापल्यावर सारख्याच प्रमाणात प्रसरण पावणारी हवी वगैरे तुम्हाला ठाऊकच असेल.

पूड स्वस्त पडते, हातही लवकर बसतो. इरकल साडीच्या तोपतेनी पदरावरची शिखरं काढावीत तर पुडीनेच. पावसाळ्यात बेळगावच्या दमट हवेत तिच्या गुठळ्या होतात, शिवाय मास्कशिवाय डबा उघडायची सोय नाही. तेवढं चालवून घेता येतं.

माझं बिनसलं ते कोपऱ्यांवरून. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या मागांवरचे जकार्डचे, नक्षीसाठी भोकं पाडलेले पुठ्ठे आठवा: भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. विणीचा सगळा कारभार असा चौकटींचा. साध्या विणीचा आराखडा आखला तर बुद्धिबळाचा पटच दिसतो. आता हा पट स्टेन्सिलमध्ये कापून बघा. दोन भोकं कोपऱ्याला कोपरा लावून आली की मधला तुकडा सुटून हातात येतो. मध्ये दांडी ठेवावी तर नक्षीला खाच पडते. दोन स्टेन्सिल करून दोनदा चाळावं, तर दुसरं केसभर सरकतं, आणि उचलताना कडेवरची पूड नेमकी पांढऱ्यावर सांडते. वरच्या ओळीतल्या चौकटींवरून खालची ओळ ठरवणारा स्टीफन वुल्फ्रम यांचा ‘रूल ३०’ हा गणिती नियम आहे, त्याची नक्षी करतानाही हाच ताप. (कोनस टेक्स्टाईल नावाच्या समुद्री गोगलगाईच्या शंखावर जवळपास तशीच नक्षी असते. तिला स्टेन्सिल लागत नाही!)

पट्ट्यांत ही कटकट नाही. ३ मिमी काच कडेवर उभी केली की रेषेची जाडी कारखान्यातूनच ठरून येते. हिऱ्याने कापताना हात हलला तर फरक उंचीत जातो आणि वितळल्यावर बराचसा मुरतो. चौकडा हवा असेल तर एका रंगाच्या तीन, मग दुसऱ्याच्या तीन, अशा सम संख्येच्या पट्ट्यांची भट्टीत एकजीव लादी करा, तिचे ९ मिमीचे आडवे काप काढा, एकाआड एक काप उलटा फिरवून पुन्हा भट्टीत. कोपऱ्याला कोपरा भिडतो.

फुकट काहीच नाही म्हणा. रंगीत काच आरपार लागते, करवतीत थोडी वाया जाते, भट्टी दोनदा पेटते. काप नीट घासले नाहीत तर सांध्यात पांढुरकी रेघ राहते. लादी थंड होताना करंट गेला तर तडा जायची धास्ती वेगळीच.

प्रत्येक ओळ निराळी असेल, रूल ३०सारखी, तर पुडीला पर्याय नाही असं मला वाटतं. काठ, पट्टे, चौकडा करणार असाल तर पट्ट्या घ्याव्यात. मी तरी पुडीचे डबे हल्ली पदरापुरतेच उघडतो, तेही दिवाळीनंतर.