एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम: दहा महिन्यांच्या वापरानंतर

नैराश्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेली एसिटालोप्रामची गोळी मी दहा महिने घेत आहे. गुण येण्याच्या बाबतीत माझी तक्रार नाही; तक्रार आहे ती गोळीबरोबर ऐकायला मिळणाऱ्या स्पष्टीकरणाबद्दल. औषधाच्या दुकानात मला सांगण्यात आले की मेंदूतले सेरोटोनिन कमी झाले असून ते या गोळीने भरून निघेल. वास्तविक गोळीत सेरोटोनिन नसतेच. एक चेतापेशी दुसरीला निरोप देण्यासाठी मधल्या फटीत सेरोटोनिन सोडते आणि नंतर एक वाहक प्रथिन ते परत आत ओढून घेते. एसिटालोप्राम या वाहकाला अडवते, म्हणून सोडलेले सेरोटोनिन फटीत अधिक काळ टिकते.

हे सारे काही तासांत घडते, पण माझे पहिले दोन आठवडे केवळ मळमळ, चाळवलेली झोप आणि पूर्वीइतकेच जड मन यांत गेले. मळमळीचे कारण समजण्यासारखे आहे, कारण शरीरातले सुमारे ९० टक्के सेरोटोनिन आतड्यात असते. बरे वाटायला लागणाऱ्या विलंबाचे एक उत्तर असे दिले जाते की फटीतले सेरोटोनिन वाढताच ते सोडणाऱ्या पेशी आपल्याच संवेदकांच्या इशाऱ्यावरून हात आखडता घेतात, आणि ते संवेदक बोथट होण्यास काही आठवडे जातात. पेशींमधल्या नव्या जोडण्यांना वेळ लागतो, हे दुसरे उत्तर. नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने येते याला सातत्यपूर्ण पुरावा नाही, असा निष्कर्ष २०२२ साली एका व्यापक आढाव्याने काढला. तरी २०१८ च्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील ५२२ चाचण्यांच्या विश्लेषणात तपासलेली नैराश्यावरची २१ही औषधे लुटुपुटीच्या (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली होती, मात्र सरासरी फरक माफकच होता.

मला चौथ्या आठवड्यात पहाटे चारला दचकून जाग येणे थांबल्याचे जाणवले. आनंद असा झाला नाही, पण अंघोळीला उठणे हा डोंगर राहिला नाही. त्याची किंमत म्हणजे कामेच्छा मंदावली, आणि हा दुष्परिणाम सर्रास आढळत असूनही त्याविषयी मला आधी कोणी अवाक्षर सांगितले नव्हते.

एकदा प्रवासात स्ट्रिप घरी राहिली आणि तिसऱ्या दिवशी चक्कर येऊन डोक्यात विजेचे बारीक झटके बसू लागले. या गोळीचे व्यसन लागत नाही, तरी ती एकदम सोडता येत नाही. पंचविशीच्या आतील रुग्णांवर सुरुवातीच्या आठवड्यांत घरच्यांनी बारीक लक्ष ठेवावे, कारण या वयात आत्महत्येचे विचार वाढण्याचा धोका नोंदलेला आहे. आणि ट्रॅमाडॉल किंवा आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. डॉक्टरांनी माझी मात्रा गेल्या आठवड्यापासून ५ मिलिग्रॅमवर आणली आहे.