रोटोरुआ: वास चालत असेल तर नक्की जा

न्यूझीलंडमधलं, ऑकलंडहून गाडीने तीनेक तासांवरचं तळ्याकाठचं शहर, आणि शिरतानाच सडक्या अंड्यांचा वास. जमिनीतून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू, दुसरं काय! आम्ही दापोलीकडचे, उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडाची सवय, त्यामुळे बाबा खुशाल होते, आईने मात्र नाकाला ओढणी लावली ती काढलीच नाही. आणि चांदी घालून जाऊ नका, आईची जोडवी पार काळीठिक्कर पडली.

आता पैसे कुठे घालायचे ते. वाय-ओ-टापू हा गरम कुंडांचा परिसर शहरापासून तीसेक किलोमीटर आहे पण तिथलं शॅम्पेन पूल नावाचं कुंड बघाच, ७४ अंशांचं पाणी, काठाला भगवा पट्टा, मधे हिरवट निळं, वारा आला नि वाफ हटली की बघत राहावंसं वाटतं. तिथलाच लेडी नॉक्स गीझर (म्हणजे जमिनीतून उसळणारं गरम पाण्याचं कारंजं) रोज सकाळी सव्वादहाला उडतो, म्हणजे उडवतात, एक माणूस येऊन त्यात साबण टाकतो, आधी फेस येतो मग पाणी. लोक टाळ्या वाजवतात, मला काय ते पटलं नाही बुवा.

त्यापेक्षा फाकारेवारेवा गावात जा. माओरी, म्हणजे न्यूझीलंडची मूळ लोकं, तिथं खरंच राहतात, घरांच्या मधून वाफा निघतायत, मक्याची कणसं उकळत्या कुंडात सोडून शिजवतात, ते कणीस खाल्लं, मीठसुद्धा लागलं नाही. शेजारच्या 'ते पुइया' नावाच्या जागेतला पोहुटू गीझर इथूनही दिसतो, ३० मीटरपर्यंत जातो, साबणबिबण काही नाही. मधे शहरात घरोघरी, हॉटेलांत बोअर मारून इतकं गरम पाणी उपसलं की गीझरच मंदावले, शेवटी १९८६-८७ च्या सुमारास सरकारने पोहुटूच्या दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायला लावल्या तेव्हा कुठे ते सावरले. आपल्याकडे कुंडाशेजारी बोअर मारायच्या आधी कुणी इतका विचार करेल का, जाऊदे.

बजेट कमी असेल तर कुइराउ पार्क, शहरातच आहे आणि फुकट. उकळता चिखल डबडब करत असतो, पाय बुडवायला वेगळी कुंडं आहेत, म्हाताऱ्या माणसांना मस्त. कुंपणाच्या आत मात्र पोरांना सोडू नका, पाणी खरंच उकळतं असतं.

आमच्या मोटेलने मात्र 'थर्मल पूल' म्हणून जे दाखवलं ते जेमतेम कोमट होतं, विचारलं तर म्हणे आजच पाणी बदललंय. बुकिंग करायच्या आधी पाणी किती गरम असतं ते फोन करून विचारा.