सिगारेट सोडायचीय: नोंदवही की सजगता?

रोज दहा ओढणाऱ्याला विचारा, तो 'पाच-सहा' म्हणेल. खोटं बोलत नसतो. टपरीवरची सुटी, मित्राच्या पाकिटातली, या त्याने धरलेल्याच नसतात. म्हणून मी वहीला फार मानतो. पेटवल्यावर नाही, पेटवण्याआधी लिहायचं: वेळ, जागा, सोबत कोण, तलफ दहापैकी किती. आठवड्याभरात कळतं की चहाबरोबरची सिगारेट जेमतेम तीनची होती, हात सवयीने खिशात गेला. अशा सिगारेटी चहाची जागा बदलली तरी गळतात.

सकाळची पहिली मात्र नऊची. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं, त्यामुळे रात्रभरात शरीर रिकामं झालेलं असतं. तिथे नुसतं लिहून भागत नाही.

तिथे सजगता, म्हणजे माइंडफुलनेस, कामी येते. तलफेशी झुंजायचं नाही, तिला दडपायचंही नाही. घसा कोरडा पडलाय का, छातीत काय होतंय, बोटं काय शोधतायत, हे श्वासावर लक्ष ठेवून पाहत राहायचं. बहुतेक तलफा काही मिनिटांत चढतात आणि ओसरतात. पण सरावाशिवाय ती मिनिटं फार लांब वाटतात, हे आधीच सांगून ठेवतो.

येल विद्यापीठात जडसन ब्रुअर आणि सहकाऱ्यांनी 88 जणांवर केलेल्या अभ्यासात (2011) 17 आठवड्यांनी सजगता शिकलेल्यांपैकी 31 टक्के सिगारेटपासून दूर होते, तर सिगारेट सोडण्याच्या नेहमीच्या कार्यक्रमातले 6 टक्के. मात्र ते वर्ग समोरासमोर, आठवड्यातून दोनदा होत. पुढे तेच शिक्षण मोबाइल ॲपवर आणून, फक्त नोंदी विचारणाऱ्या ॲपशी ताडून पाहिलं, तेव्हा सहा महिन्यांनी सोडणाऱ्यांच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. सजगतेच्या गटात तलफ आणि सिगारेट यांची गाठ तेवढी सैल झाली होती.

म्हणून फुकटचं ॲप आणि फुकटची वही यांत निवडायचं असेल, तर मी वही घेईन. शिकवणारं माणूस मिळत असेल तर सजगता. आणि आपण कधी ओढतो हे तुम्हाला आधीच पाठ असेल, तर वहीत वेळ घालवू नका, थेट श्वासाकडे वळा.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली पेटत असेल, तर यातलं काहीही एकट्याने पुरं पडणं अवघड. डॉक्टरांना निकोटिन गमबद्दल विचारा, आणि 1800-11-2356 या राष्ट्रीय क्विटलाइनला, म्हणजे तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या फोनसेवेला, फोन करा. तो मोफत आहे. वही भरली असेल तर ती समोर ठेवूनच बोला.