घरच्या घरी लेन्सचा फोकस तपासायची पट्टी: सहा महिने वापरून

राजारामपुरीतल्या एका डोहाळजेवणाचे फोटो मोठे करून बघितले आणि पोटात गोळाच आला. ओटी भरताना त्या गर्भवतीचे डोळे मऊ, म्हणजे धूसर, आणि कानातल्या कुडीचा मोती न् मोती लख्ख! एखादा फोटो असता तर हात हलला म्हटलं असतं. पण 85 एमएमच्या लेन्सनं एफ 1.8 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र पूर्ण उघडून, काढलेले सगळेच तसे. क्रॉप सेन्सरवर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरवर) दोन मीटरवरून या लेन्सला पुढेमागे मिळून जेमतेम 4 सेंटिमीटर भागच स्पष्ट मिळतो. फोकस डोळ्यांच्या मागे पडला की डोळे गेलेच.

आधी घरी ‘पुढारी’चं पान टेबलावर पसरून तिरक्या कॅमेऱ्यानं तपासलं. दर वेळी वेगळं उत्तर. फोकस पॉइंट, म्हणजे कॅमेऱ्यात फोकसची जागा दाखवणारा चौकोन, दिसतो त्यापेक्षा मोठा भाग बघतो, त्यामुळे मधली ओळ सोडून कॅमेरा वरची नाहीतर खालची ओळ पकडतो. म्हणून ही पट्टी मागवली, 900 रुपयांची. हिला कॅमेऱ्यासमोर सरळ उभी काळी-पांढरी पाटी आहे, फोकस तिच्यावर करायचा. शेजारच्या तिरक्या मोजपट्टीवर कुठला आकडा सर्वांत स्पष्ट आला, एवढंच वाचायचं. पैसे वसूल झाले ते या एका गोष्टीत.

सांधा मात्र सैल आहे. मोजपट्टी 45 अंशांवर टिकत नाही. मी मुलाच्या कंपासपेटीतला गुण्या लावून कोन बघते आणि चिकटपट्टीनं पक्का करते. पट्टीवरचे आकडे तिरप्या अंतराचे आहेत, म्हणजे 14 मिलिमीटर दिसले तर खरी चूक 10 ची. माहितीपत्रकात याबद्दल अवाक्षर नाही.

तपासणी सकाळी गॅलरीत करा. ट्यूबलाइटखाली माझे आकडे नाचत होते. ट्रायपॉड, लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हात हलल्याची भरपाई) बंद, फक्त मधला पॉइंट, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडं. अंतर फोकल लेंग्थच्या 25 पट तरी हवं, 85 ला साधारण 2.1 मीटर. प्रत्येक फोटोआधी फोकस मुद्दाम बिघडवायचा, नाहीतर फोकस जागचा हलतच नाही. मी दहा फोटो व्ह्यूफाइंडरमधून काढले आणि दहा लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर बघून; तिथे फोकस मुख्य सेन्सरच ठरवतो. लाइव्ह व्ह्यूमधले सगळे बरोबर, म्हणजे काच ठीक होती; व्ह्यूफाइंडरमधून बघताना माझ्या डीएसएलआरमध्ये (आरशाच्या कॅमेऱ्यात) फोकस ठरवणाऱ्या आरशाखालच्या सेन्सरचा हिशेब चुकत होता. व्ह्यूफाइंडरच्या दहातले नऊ सारखेच मागे पडले, म्हणून दुरुस्ती शक्य झाली. फोटो पुढेमागे विखुरले असते तर कुठलाच आकडा कामाचा नव्हता.

ही दुरुस्ती निकॉनमध्ये ‘एएफ फाइन ट्यून’ आणि कॅननमध्ये ‘एएफ मायक्रोअ‍ॅडजस्टमेंट’ या नावानं असते, उणे 20 ते अधिक 20. फोकस मागे पडत असेल तर उणे. माझा उणे 8 वर बसला. नवशिक्यांसाठीच्या स्वस्त डीएसएलआरमध्ये ही सोय बहुधा नसते, तेव्हा मागवण्याआधी मेनू उघडून बघा. मिररलेसवाल्यांनी (बिनआरशाच्या कॅमेऱ्यांच्या) पैसे वाचवावेत, तिथे फोकस मुख्य सेन्सरच ठरवतो.

परवा जाऊबाईंना कोल्हापुरी साज घालून दारात उभं केलं. एफ 1.8, दोन मीटर. पापणीचा केस न् केस सुटा आला, काजळाची रेघ कुठे जाड, कुठे बारीक तेही कळतं. कुड्यांचे मोती किंचित मऊ आलेत.