पदकाच्या कडेवरचा एक आकडा: दहापट भिंगाचा सात महिन्यांचा अनुभव

सोनार वापरतात ते घडीचे दहापट भिंग मी गेले सात महिने वापरतो आहे, आणि तेही एकाच कामासाठी: पणजोबांच्या दोन लष्करी पदकांच्या कडेवरची अक्षरे वाचण्यासाठी. पहिले पदक चांदीचे, ३६ मिलिमीटर व्यासाचे ब्रिटिश युद्धपदक. दुसरे काशाचे, पंख पसरलेल्या विजयदेवतेचे विजयपदक. पहिल्या महायुद्धातील या पदकांच्या दर्शनी बाजू सर्वांच्या सारख्याच असतात. शिपायाचे स्वतःचे असे जे काही असते ते कडेवर, इंग्रजी ठशांनी उमटवलेले: क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण.

आमच्याकडे दर दसऱ्याला ही पदके चिंच आणि राख लावून घासली जात. त्यामागे भक्तीच होती, पण त्यामुळे चांदीच्या पदकाची कड झिजली. काशाचे पदक मधल्या काळात नातेवाइकांकडे वापरात राहिले आणि त्याच्या कडेवर ठोके बसले. दोन्हींवर हुद्दा ‘नाईक’ असा नुसत्या डोळ्यांनीही कळत होता. पलटणीच्या क्रमांकातील पहिले दोन एक कळत होते, शेवटचा आकडा मात्र पुसट होता. अडचण अशी की ११०, ११४, ११६ आणि ११७ या चारही क्रमांकांच्या पलटणी मराठ्यांच्याच होत्या आणि त्यांच्या वाट्याला आलेले युद्ध मात्र सारखे नव्हते. ११० आणि ११७ या पलटणी सहाव्या पुणे डिव्हिजनमधून मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेल्या आणि कुत-अल-अमारा या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकल्या. ११४ वी त्या वेढ्यात नव्हती. ती ऑक्टोबर १९१८ मध्ये मेसोपोटेमियातच शर्कातच्या लढाईत लढली. पणजोबा कुतच्या वेढ्यात उपाशी राहिले, अशी हकीकत आमच्या घरात तीन पिढ्या सांगितली जाते.

भिंगाची भिंगापुरती गोष्ट सांगायची तर काच उत्तम आहे. कडेपर्यंत प्रतिमा स्वच्छ दिसते. दहापट भिंग वस्तूपासून सुमारे अडीच सेंटिमीटरवर धरावे लागते आणि पदकाची कड गोल असल्यामुळे एका वेळी दोन-तीनच अक्षरे नीट दिसतात, म्हणून पदक बोटांत हळूहळू फिरवत वाचावे लागते. त्यातला छोटा दिवा मात्र या कामाला निरुपयोगी आहे, कारण समोरून पडणारा प्रकाश झिजलेले ठसे बुजवून टाकतो. मी तो बंद ठेवला, खोलीत अंधार केला आणि विजेरी टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाकला, तेव्हा अक्षरांच्या तळाशी सावली साठली आणि शेवटच्या आकड्याची डावीकडून उतरणारी तिरकी रेघ व तिला मिळणारा आडवा दांडा दिसला. तो इंग्रजी चार होता. खात्रीसाठी कडेवर बटर पेपरची पट्टी धरून मऊ शिसपेन्सिल अलगद फिरवली. तिथेही चारच उमटला.

एवढ्यावरून पणजोबा वेढ्यात नव्हते असे म्हणणे घाईचे ठरले असते, कारण एका पलटणीतील जवान दुसरीतल्या रिकाम्या जागा भरायला पाठवले जात. पण कुतचा वेढा डिसेंबर १९१५ च्या पहिल्या आठवड्यात पडला, आणि १९१५ संपण्यापूर्वी युद्धभूमीवर पोहोचलेला माणूस ‘१९१४-१५ चा तारा’ या आणखी एका युद्धपदकाला पात्र होता. म्हणजे वेढ्यातील प्रत्येक जवानाला तो मिळायला हवा. आमच्याकडे तारा नाही. तो हरवला असेल, ही शंका मला बरेच दिवस छळत होती. मात्र पदके ज्या जुन्या पिनेवर शिवलेली आहेत तिची रुंदी दोनच फितींची आहे, आणि तिसरी कधी होती असा टाक्याचा मागही भिंगाखाली दिसत नाही. त्यामुळे पणजोबा १९१६ किंवा त्यानंतर तिथे गेले असावेत, असे मी आता मानतो. आजीला हे सांगताना मला जड गेले.

नावाच्या वाचनात आणखी एक गोष्ट कळली. आमच्या आडनावातील ‘एच’ कारकुनाने गाळला आहे. दुसऱ्या महायुद्धात व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव यांचेही आडनाव अधिकृत नोंदींत ‘एच’शिवायच आढळते, तेव्हा शोध घेताना आडनावाची सगळी रूपे वापरून पाहावीत. इराकमधील बसरा युद्धस्मारकावर तर मृत भारतीय शिपायांची नावे मूळ फलकांवर न कोरता पलटणवार केवळ संख्या दिली गेली. हे कळल्यावर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या या कडेकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो.

तक्रार एकच. चौथ्या महिन्यात भिंगाचा बिजागरीचा स्क्रू सैल झाला, आणि विक्रेत्याने बदलून देण्याचे कबूल करूनही पुढे उत्तर दिले नाही. शेवटी तो घड्याळजीकडून आवळून घेतला. जास्त पटीचे म्हणून विकले जाणारे स्वस्त भिंगही मी घेऊन पाहिले, पण त्यात एकच अक्षर दिसते आणि तेही कडांना फाटते. दहापटच घ्यावे, सोबत जाडी-व्यास मोजायला व्हर्नियर ठेवावा, कारण जुने नाव घासून दुसरे उमटवलेल्या पदकाचा व्यास कमी भरतो. यंदा दसऱ्याला आमच्याकडे पदकांवर फक्त हळदकुंकू लागेल, तेही डबीच्या झाकणावर.