कल्पित देशाला निवडणूक पद्धत कोणती द्यावी?

कादंबरी, वेबमालिका किंवा बोर्डगेमसाठी नवा देश रचणारी मंडळी नकाशा, झेंडा, चलन, सणवार यांवर महिनोन्‌महिने घालवतात. निवडणुकीची वेळ आली की मात्र आपली लोकसभेची पद्धत जशीच्या तशी उचलून तिथे नेऊन ठेवतात, कारण डोळ्यांसमोर तीच असते. पण पद्धत ठरली की त्या देशाचा पुढच्या तीस-चाळीस वर्षांचा इतिहास निम्मा ठरून जातो. किती पक्ष तग धरतील, सरकारं कशी पडतील, आपल्यावर अन्याय झाला ही भावना कुठल्या भागात घर करून बसेल, हे सगळं तिथूनच निघतं. म्हणून पद्धत आणि इतिहास हे दोन्ही एकाच बैठकीत ठरवावेत, असं माझं ठाम मत आहे. खऱ्या देशांत काय घडलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहिलं तर निवड बरीच सोपी होते.

आधी एक हिशेब करू. शंभर जागांचा देश धरा. किनारपट्टीच्या पक्षाला ३८ टक्के मतं, पठारावरच्या पक्षाला ३४, देशभर विखुरलेल्या तिसऱ्या पक्षाला १८ आणि एका डोंगरी कोपऱ्यातल्या प्रादेशिक पक्षाला १०.

आपल्यासारखी पद्धत असेल, म्हणजे मतदारसंघात ज्याला सर्वाधिक मतं तो विजयी, तर निकाल साधारण ५६, ३२, २ आणि १० असा लागू शकतो. डोंगरी पक्षाची मतं एकवटलेली, म्हणून त्याला वाट्याच्या जागा मिळाल्या. तिसऱ्या पक्षाला त्याच्या जवळजवळ दुप्पट मतं, पण ती विखुरलेली, म्हणून हाती दोन जागा. आता हीच मतं प्रमाणशीर पद्धतीने मोजा, म्हणजे जितके टक्के मतं तितक्या टक्के जागा: ३८, ३४, १८, १०. बहुमताला ५१ लागतात. डोंगरी पक्षाला कोणीही सोबत घेतलं तरी आकडा गाठता येत नाही, ३८ आणि १० मिळून ४८च होतात. दोन मोठे पक्ष एकत्र येणार नसतील तर तिसऱ्या पक्षाशिवाय सरकार बनत नाही. मतदार तेच, मतं तीच, पण एका देशात जो पक्ष अडगळीत पडला असता तो दुसऱ्यात मुख्यमंत्री-पंतप्रधान ठरवतो.

सर्वाधिक मतांची पद्धत

हिचे गुण खरे आहेत. प्रत्येक गावाला आपला एक खासदार असतो, मोजणी कोणालाही समजते, निकाल एका दिवसात लागतो. पण मतांचा आणि जागांचा मेळ बसेलच असं नाही. २०१४ला उत्तर प्रदेशात बहुजन समाज पक्षाला जवळपास २० टक्के मतं मिळाली आणि लोकसभेची एकही जागा मिळाली नाही. ब्रिटनमध्ये २०२४ला मजूर पक्षाने सुमारे ३४ टक्के मतांवर ६५० पैकी ४११ जागा जिंकल्या. रिफॉर्म यूके पक्षाला १४ टक्क्यांवर पाच जागा मिळाल्या आणि त्याच्याहून कमी मतं घेणाऱ्या लिबरल डेमोक्रॅट्सना ७२.

कथेच्या दृष्टीने ही पद्धत लाटेची आहे. श्रीलंकेचं उदाहरण लेखकाने नीट पाहावं. १९७०ला युनायटेड नॅशनल पार्टीला श्रीलंका फ्रीडम पार्टीपेक्षा किंचित जास्त मतं होती, पण जागा १७ विरुद्ध ९१. सात वर्षांनी काटा उलटा फिरला. १९७७ला युनायटेड नॅशनल पार्टीने निम्म्याहून थोड्या जास्त मतांवर १६८ पैकी १४० जागा घेतल्या. फ्रीडम पार्टी जवळपास ३० टक्के मतं घेऊन आठ जागांवर आली आणि विरोधी पक्षनेतेपद १८ जागा जिंकणाऱ्या तमिळ युनायटेड लिबरेशन फ्रंटकडे गेलं. पाच-षष्ठांश बहुमत हाती आल्यावर युनायटेड नॅशनल पार्टीचे नेते जयवर्धने यांनी १९७८ला नवी राज्यघटना आणली. तिच्यात कार्यकारी राष्ट्राध्यक्ष होता आणि प्रमाणशीर पद्धतही होती. म्हणजे ज्या पद्धतीने त्यांना एवढं बळ दिलं तीच त्यांनी मोडली, पुढच्या कोणाला तेवढं बळ मिळू नये म्हणून. आणि मग १९८२ला सार्वमत घेऊन तीच जुनी संसद आणखी सहा वर्षं वाढवली. नव्या पद्धतीने संसदेची पहिली निवडणूक झाली ती थेट १९८९ला. मधल्या काळात, १९८३ला, यादवी युद्ध सुरू झालं होतं. एवढा इतिहास कल्पनेने रचायला गेलात तर संपादक म्हणेल की जरा अतीच होतंय.

दोन मोठी घराणी, दोन मोठे गट, अटीतटीची झुंज अशी तुमची गोष्ट असेल तर हीच पद्धत घ्या. पण देशात शेकडो टोळ्या, कुळं, भाषा असतील तर सावध राहा. पापुआ न्यू गिनीमध्ये १९७५च्या स्वातंत्र्यानंतर हीच पद्धत आली. एकेका मतदारसंघात कितीतरी उमेदवार, जो तो आपल्या कुळाच्या मतांवर उभा. दहा टक्क्यांहून कमी मतं घेऊनही माणसं खासदार झाली. बाकीच्या नव्वद टक्क्यांशी बोलायची त्यांना गरजच उरली नाही.

आपल्याकडच्या वाचकाला ओळखीचा एक उपप्रकारही आहे: एका मतदारसंघातून दोन-चार जण निवडणं. १९५१-५२ आणि १९५७च्या लोकसभा निवडणुकांत द्विसदस्य मतदारसंघ होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ला उत्तर मुंबईच्या अशाच मतदारसंघातल्या राखीव जागेवर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले. १९६१च्या कायद्याने हे मतदारसंघ बंद झाले. महापालिकेत चार सदस्यांच्या प्रभागाला मत दिलेल्यांना हेही ठाऊक असेल, की तिथे अख्खं पॅनल निवडून येण्याकडे कल असतो. अपक्ष गारद होतो. तुमच्या देशात एखाद्या सत्ताधाऱ्याला चलाखी करायची असेल तर हा बदल त्याच्या हाती द्या, शोभून दिसेल.

प्रमाणशीर पद्धत

इथे दोन गोष्टी ठरवाव्या लागतात: मतदारसंघ किती मोठा आणि उंबरठा, म्हणजे संसदेत शिरायला पक्षाला लागणारी किमान मतं, किती टक्के. बाकी सगळं यांच्या मागून येतं.

नेदरलँड्समध्ये सगळा देश हिशेबाला एकच मतदारसंघ, १५० जागा, आणि एका जागेपुरती मतं मिळाली की प्रवेश. २०२१ला १७ पक्ष निवडून आले आणि सरकार बनायला २९९ दिवस लागले. कामचलाऊ मंत्रिमंडळ राज्यकारभार हाकत राहिलं, देश कोसळला नाही. इस्रायलमध्येही सगळा देश एक मतदारसंघ, १२० जागा, उंबरठा ३.२५ टक्के. तिथे एप्रिल २०१९ ते नोव्हेंबर २०२२ या काळात पाच सार्वत्रिक निवडणुका झाल्या. शेवटच्या निवडणुकीत नेतान्याहूंच्या विरोधी गटातला मेरेट्झ पक्ष उंबरठ्यापाशी थोडक्यात अडखळून संसदेबाहेर गेला. दोन्ही गटांची एकूण मतं जवळपास सारखीच होती, तरी नेतान्याहूंच्या गटाला ६४ जागा मिळाल्या.

उंबरठा फार वर नेला तर काय होतं ते तुर्कस्तानने दाखवलं. तिथे तेव्हा १० टक्क्यांची अट होती. २००२ला एर्दोगान यांचा पक्ष ३४ टक्के मतांवर ५५० पैकी ३६३ जागा घेऊन आला. आत शिरलेला दुसरा पक्ष एकच. देशातली चाळीस टक्क्यांहून जास्त मतं कोणालाच निवडून न देता विरली. कागदावर पद्धत प्रमाणशीरच होती. हुकूमशाहीकडे कलणारा पण नियम पाळणारा नेता रंगवायचा असेल तर उंबरठ्याचा हा आकडा लक्षात ठेवा.

मिश्र पद्धत, आणि तिच्यातली मेख

दोन मतं: एक स्थानिक उमेदवाराला, एक पक्षाला. ऐकायला एकच वाटते, पण हिचे दोन प्रकार आहेत आणि गल्लत इथेच होते. वरच्याच देशात ६० मतदारसंघ आणि ४० यादीच्या जागा (पक्षाला पडलेल्या मतांवर त्याच्या यादीतून भरायच्या) धरा. मतदारसंघांत निकाल ३४, २०, ० आणि ६ लागला.

भरपाईचा प्रकार असेल (न्यूझीलंडसारखा), तर यादीच्या जागा तूट भरून काढतात. किनाऱ्याला ४, पठाराला १४, तिसऱ्या पक्षाला १८, डोंगरी पक्षाला ४. एकूण पुन्हा ३८, ३४, १८, १०. समांतर प्रकार असेल (नेपाळसारखा, जिथे प्रतिनिधी सभेच्या २७५ पैकी १६५ जागा थेट आणि ११० यादीच्या), तर यादीच्या ४० जागा वेगळ्याच वाटल्या जातात: १५, १४, ७, ४. एकूण ४९, ३४, ७, १०. किनाऱ्याचा पक्ष बहुमताला दोनच जागांनी कमी, आणि आता डोंगरी पक्षाचे दहा जणही त्याला पुरतात. मतपत्रिका दोन्हीकडे सारखीच दिसते. तुमच्या पात्रांना हा फरक कळला नाही तरी चालेल, तुम्हाला कळायलाच हवा.

न्यूझीलंड इथवर पोचला तो दोन जखमांमुळे. १९७८ आणि १९८१, दोन्ही वेळा मजूर पक्षाला नॅशनल पक्षापेक्षा जास्त मतं आणि दोन्ही वेळा सरकार नॅशनलचं. सोशल क्रेडिट या तिसऱ्या पक्षाला १९८१ला सुमारे २१ टक्के मतं आणि दोन जागा. मग सरकारने नेमलेला आयोग (रॉयल कमिशन), त्याचा १९८६चा अहवाल, १९९२चं सल्लावजा सार्वमत आणि १९९३चं बंधनकारक सार्वमत, जिथे बदलाच्या बाजूने सुमारे ५४ टक्के कौल आला. १९९६ला पहिली निवडणूक झाली आणि १७ जागा घेतलेल्या न्यूझीलंड फर्स्टने जवळपास दोन महिने दोन्ही बाजूंशी बोलणी करत देशाला ताटकळत ठेवलं. लोक वैतागले. तरीही २०११ला पुन्हा विचारलं तेव्हा बहुमत ही पद्धत ठेवण्याच्याच बाजूने होतं.

आफ्रिकेतल्या लेसोथोमध्ये हे रक्त सांडून झालं. १९९८ला एका पक्षाने सुमारे ६० टक्के मतांवर ८० पैकी ७९ जागा घेतल्या. निकाल खोटा म्हणून लोक रस्त्यावर उतरले, दक्षिण आफ्रिका आणि बोट्‌स्वानाचं सैन्य आलं, राजधानी मासेरूमध्ये जाळपोळ झाली. २००२पासून ८० थेट आणि ४० भरपाईच्या जागा आल्या. पुढे २००७ला मोठ्या पक्षांनी पळवाट काढली: मतदारसंघ स्वतःच्या नावावर लढवायचे आणि पक्षाचं मत मित्रपक्षाच्या यादीला द्यायला सांगायचं. मित्रपक्षाने मतदारसंघ जिंकलेले नसायचे, म्हणजे भरपाईही पदरात. नवी पद्धत आली की दहा वर्षांच्या आत कोणीतरी तिच्यातलं भोक शोधतं, हे तुमच्या इतिहासात असू द्या.

पसंतीक्रम

इथे मतदार उमेदवारांना पहिली, दुसरी, तिसरी अशी पसंती देतो. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही पद्धत समजावणं सगळ्यात सोपं, कारण राज्यसभा आणि विधान परिषदेच्या रात्री तिने आपल्याला जागवलं आहे. १० जून २०२२, राज्यसभेच्या सहा जागा, सात उमेदवार. पहिल्या पसंतीत शिवसेनेचे संजय पवार ३३ आणि भाजपचे धनंजय महाडिक २७. निवडून आले महाडिक. झालं असं, की कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारी मतं, ४१च्या आसपास होता आणि भाजपच्या पियुष गोयल, अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं होती. कोट्यावरच्या सातेक मतांचं मूल्य दोघांकडूनही दुसऱ्या पसंतीच्या महाडिकांकडे वाहिलं आणि ते कोट्यापार गेले. आघाडीच्या उमेदवारांकडे उरलेलं मूल्य पवारांना पुरलं नाही. एका बंद खोलीतला असा प्रसंग रंगवायला मिळणं ही लेखकाची चंगळ आहे.

आयर्लंडने हीच पद्धत सामान्य मतदाराच्या हाती दिली आहे, तीन ते पाच जागांच्या मतदारसंघांत. फियाना फॉल पक्षाने १९५९ला आणि १९६८ला ती काढून टाकण्यासाठी सार्वमत घेतलं, दोन्ही वेळा जनतेने नाही म्हटलं. १९५९ला तर त्याच दिवशी पक्षाचे नेते डी व्हॅलेरा राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले. लोकांनी माणूस घेतला आणि त्याचा प्रस्ताव परत केला. या पद्धतीत एकाच पक्षाचे दोन उमेदवार एकमेकांशी लढतात आणि मोजणी कित्येक दिवस चालू शकते. पापुआ न्यू गिनीनेही २००२ची निवडणूक झाल्यावर तीन पसंती देण्याची मर्यादित पद्धत स्वीकारली. दुसऱ्या कुळाची दुसरी पसंती मागायला तरी उमेदवार नदी ओलांडून जाईल, हा हेतू होता.

फ्रान्ससारख्या दोन फेऱ्यांबद्दल थोडक्यात (पहिल्या फेरीत कोणालाच बहुमत नसेल तर पहिल्या दोघांत दुसरी): राष्ट्राध्यक्ष असलेल्या देशाला त्या शोभतात. २००२ला समाजवादी जोस्पँ पहिल्याच फेरीत एका टक्क्याहूनही कमी फरकाने मागे राहून बाद झाले आणि मग डाव्या मतदारांना अतिउजवे ल पेन नकोत म्हणून उजव्या शिराकना मत द्यावं लागलं. दोन आठवड्यांच्या त्या मधल्या काळात एक अख्खं नाटक बसतं.

मग घ्यायचं काय?

दोन ध्रुवांची, सत्तापालटाची गोष्ट असेल तर सर्वाधिक मतांची पद्धत. दरबारी सौदेबाजी, छोट्या पक्षांचं मोल, रात्री उशिरापर्यंतच्या बैठका हव्या असतील तर प्रमाणशीर, आणि उंबरठा दोन टक्क्यांच्या आत ठेवा. माणसामाणसांतली चुरस, एकाच पक्षातली भाऊबंदकी हवी असेल तर पसंतीक्रम. सात-आठ भाषांचा, अलीकडेच शांत झालेला देश असेल तर मी भरपाईची मिश्र पद्धत घेईन आणि लेसोथोची पळवाट बंद करायला मत एकच ठेवीन: उमेदवाराला दिलेलं मत तेच त्याच्या पक्षाला.

कोणतीही घेतलीत तरी ती त्या देशाची दुसरी पद्धत असू द्या. आधीची कोणती होती, कोणत्या निवडणुकीत ती लोकांच्या मनातून उतरली, त्या वर्षी पक्षांना मतं किती आणि जागा किती, एवढा एक तक्ता आधी तयार करा. देशातल्या म्हाताऱ्यांना ते वर्ष तोंडपाठ असेल.